घागरीचा फोटो निघतो, चित्र कुणी काढत नाही

मागच्या उन्हाळ्यात माझ्या ड्रॉईंग क्लासला नववीतली एक पोरगी घरून घागर घेऊन आली. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेची तयारी चालली होती आणि मी पोरांना सांगितलं होतं की रविवारी येताना प्रत्येकानं घरातली एक वस्तू आणायची, रोज हाताखालची, शोकेसमधली नको. कुणी चहाची किटली आणली, कुणी खलबत्ता, एकानं आज्जीचा अडकित्ता आणला, दोघातिघांनी शोकेसमधला फ्लॉवरपॉटच आणला कारण घरच्यांनी सांगितलं की क्लासला काय काळं पडलेलं भांडं नेतेत का, लोक काय म्हणतील. आणि ह्या पोरीनं आणली प्लास्टिकची केशरी घागर, गळ्याखाली तडा गेलेली, आणि तो तडा गरम सळईनं हिरवं प्लास्टिक वितळवून बुजवलेला. आमच्याकडं हे घरोघरी करतात, फुटका मग नाहीतर जुनं झाकण कापायचं, सळई चुलीत लाल करायची आणि ठिगळ मारायचं, घागर अजून दोन उन्हाळे निघते. पोरं हसली तशी तिनं घागर फिरवून ठिगळाची बाजू भिंतीकडं केली. मी ती परत पुढं घेतली.

मग दोन तास ती बोललीच नाही. बाकीची पोरं अर्ध्या तासात आउटलाइन काढून रंगाला लागली आणि ही त्या ठिगळापाशीच, हिरवा लावायची, ओल्या ब्रशनं उचलायची, परत बघत बसायची, आणि मग एकदम म्हणाली, "सर, हितं उजेड आतून यायलाय." मी तिच्या जागेवर जाऊन बसलो तर खरंच, खिडकीचा उजेड घागरीच्या तोंडातून आत उतरत होता आणि प्लास्टिक जिथं पातळ तिथून बाहेर झिरपत होता, ठिगळ मात्र जाड म्हणून अंधारं, आणि त्याच्या कडेनं केशरी नि हिरवा एकमेकात मुरून एक मातकट रेघ. मला शिकवायला वीस वर्षं झाली, घरी अशा घागरी कायम असतात, हे मला आजपर्यंत दिसलं नव्हतं.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळतेय म्हणून लिहायला बसलोय.

मराठवाड्यातली घागर सगळ्या देशानं बघितलेली आहे. एप्रिल २०१६ मधे मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, त्याच्या महिनाभर आधी पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली, आणि त्या दिवसांत मुंबई-दिल्लीचे कॅमेरे आमच्या गल्ल्यांत फिरत होते. रांगेतल्या घागरी, टँकरखाली एकावर एक चढलेल्या घागरी, विहिरीच्या तळाशी उतरलेली बाई आणि वर दोरीला घागर. ते फोटो खरे होते, ते निघायलाच पाहिजे होते, त्यांच्यामुळं आमचं दुखणं वरपर्यंत पोचलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या फोटोत घागर म्हणजे पुरावा असतो, रांगेतली पन्नासावी, तिचा मालक कोण, तिला ठिगळ कधी लागलं, ती कुणाच्या लग्नात आलेली, हे कुणी बघत नाही आणि त्या फोटोचं ते कामही नाही. अडचण अशी की आमच्या पोरांनी पण आपल्या वस्तू त्याच फोटोतून बघायला सुरुवात केलीय. त्यांच्या मनात पक्कं बसलंय की आपल्या घरातल्या वस्तू एकतर कीव करायच्या नाहीतर लपवायच्या. त्या पोरीनं ठिगळ भिंतीकडं फिरवलं ते ह्याच्यामुळंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक पोराला, जिल्हा परिषदेच्या वस्तीशाळेतल्या सुद्धा, आठवड्यातून एकदा आपल्या घरातली एक वस्तू समोर ठेवून ती निवांत बघायला आणि काढायला वेळ मिळाला पाहिजे, आणि ते शिकवणारा माणूस मिळाला पाहिजे. ही मागणी मी छंद म्हणून करत नाही, वाचता येणं आणि हिशेब येणं ह्यांच्या पंगतीत बसवून करतोय.

आता सध्या काय चाललंय ते सांगतो. आमच्या कुठल्याही शाळेत जा आणि पोरांना म्हणा चित्र काढा. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, नदीत नाव, काठाला नारळाचं झाड, कोपऱ्यात कौलारू घर. औसा, निलंगा, भूम, परांडा, केज, कुठंही जा, हेच. आता विचार करा, जिथं मांजरा नदी उन्हाळ्यात वाळवंट होते, जिथं नाव बघायला मिळणं मुश्किल, घरं पत्र्याची नाहीतर माळवदाची, तिथलं पोरगं न बघितलेली नदी आणि न बघितलेलं नारळाचं झाड काढतंय. हे त्याच्या कल्पनेतून आलेलं असतं तर मी खूश झालो असतो, पण ते कुणीतरी फळ्यावर काढलेलं उतरवलेलं असतं, आणि त्या कुणीतरीनं अजून कुणाचं तरी. तीस पोरं, तीस सारखे डोंगर. त्यातल्या एकाही पोराला कुणी म्हणालेलं नसतं की तुझ्या दारातला रांजण काढ, त्याच्यावर ओलं फडकं गुंडाळलेलं असतं तसं काढ.

शहरात जरा वेगळं आहे कारण तिथं परीक्षा आहे. आपल्या राज्यात कला संचालनालय शासकीय रेखाकला परीक्षा घेतं, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, आणि इंटरमीजिएटला ए ग्रेड आली की दहावीला ७ मार्क वाढून मिळतात, बी ला ५, सी ला ३. ह्या मार्कांमुळं माझ्यासारख्याचा क्लास चालतो हे मी उघड सांगतो. आणि ह्या परीक्षेत स्थिरचित्राचा पेपर आहे ही फार मोठी गोष्ट आहे, हे ज्यानं कुणी ठरवलं त्याला माझा नमस्कार. समोर एक मोठं भांडं, दोन फळं नाहीतर भाज्या, मागं ड्रेपरी म्हणजे चुण्या पाडलेलं कापड, आणि पोरगं तीन तास त्याच्यापुढं. किती पोरांना आयुष्यात पुन्हा कधी तीन तास एका भांड्यापुढं बसायला मिळतं?

पण मार्क आले तसा त्याचा पण पॅटर्न झाला. आम्ही लातूरवाले, पॅटर्न शब्दच आमच्या नावानं ओळखला जातो, आणि त्या पॅटर्ननं खेड्यातली पोरं डॉक्टर-इंजिनियर केली, त्याचा मला अभिमान आहे. पण चित्रात तो घुसला की काय होतं बघा. बाजारात स्थिरचित्राची छापील पुस्तकं मिळतात, त्यात तांब्या कसा काढायचा, वांगं कसं काढायचं, हायलाइट म्हणजे उजेडाची चमक डावीकडं वर, सावली उजवीकडं खाली, असं सगळं तयार. पोरं तो तांब्या पाठ करतात. मी परीक्षेच्या सेंटरवर सुपरव्हिजन केलेलं आहे, खिडकी उजव्या हाताला होती, उजेड उजवीकडून येत होता, आणि खोलीतल्या निम्म्याहून जास्त पोरांनी हायलाइट डावीकडं दिला होता. समोर खरा तांब्या ठेवलेला असताना पोरं घरून पाठ करून आणलेला तांब्या काढत होती, त्यांनी मान वर करून बघितलंच नव्हतं.

बघणं म्हणजे नेमकं काय ते ह्या तांब्यावरूनच सांगता येतं. कुठल्याही नवीन पोराला तांब्या काढायला सांगा, ते तोंड पूर्ण गोल काढतं आणि बुडाला सरळ आडवी रेघ मारतं. का? कारण त्याला माहीत असतं की तोंड गोल असतं आणि माहीत असतं की तांब्या सपाट फरशीवर उभा आहे. म्हणजे ते माहिती काढतंय. डोळ्याला जे दिसतं ते वेगळं असतं, तोंड लंबवर्तुळ दिसतं, चपटं, आणि बूड पण तसंच वळलेलं दिसतं, उलट तोंडापेक्षा जरा जास्तच फुगीर, कारण ते नजरेच्या अजून खाली आहे. हे सांगून कळत नाही. पोराला खाली बसवायचं, तांब्या डोळ्याच्या लेव्हलला धरायचा, तोंडाची नुसती रेघ होते ती दाखवायची, मग हळूहळू तांब्या खाली न्यायचा आणि ते लंबवर्तुळ उघडत जातं ते त्याला स्वतःला बघू द्यायचं. ज्या क्षणी ते दिसतं त्या क्षणी पोराचा चेहरा बदलतो, मी शेकडो वेळा बघितलंय. मला माहीत आहे असं वाटणं आणि प्रत्यक्ष दिसणं ह्यात फरक असतो हे त्याला पहिल्यांदा कळतं, आणि मला सांगा, ह्याच्यापेक्षा मोठं काय शिकवायचं असतं शाळेत? जीवशास्त्रात फुलाची आकृती काढतानासुद्धा पोरं जास्वंद समोर न ठेवता गाइडमधली आकृतीच उतरवतात. बातमी वाचताना, माणसाबद्दल मत बनवताना, आपण मोठी माणसं काय वेगळं करतो? आधीच माहीत असलेला तांब्या काढतो.

मग शाळा हे का करत नाहीत तर माणूस नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ मधे आला, त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कलेचा निदेशक सांगितलेला आहे, तोसुद्धा अंशकालीन, आणि तोसुद्धा पटसंख्या शंभरच्या वर असेल तर. आता आमच्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळा आठवा, कुठं पट अठ्ठावीस, कुठं चौतीस. म्हणजे कायद्यानंच त्या पोरांना चित्राचा माणूस मिळत नाही, आणि पहिली ते पाचवीला तर निदेशकाचा उल्लेखच नाही, ज्या वयात पोराचा हात सगळ्यात मोकळा असतो. जिथं मोठी शाळा आहे तिथं वेळापत्रकात ड्रॉईंगचा तास असतो पण तो गणिताला जातो, सराव परीक्षेला जातो. मी एका शाळेत चार वर्षं काम केलं, नाव घेत नाही, तिथं दिवाळीनंतर माझा एकही तास माझ्याकडं राहिला नाही, आणि मला सांगितलं गेलं की सर तुम्ही फलक लिहा, स्नेहसंमेलनाचं बॅकड्रॉप करा, रांगोळी बघा. मी ते सगळं केलं, मनापासून केलं, पण पोरांनी त्या वर्षी एक पण वस्तू बघून काढली नाही त्याचं मला अजून वाईट वाटतं.

इथं माणसं विचारतात, आणि रागानं नाही, खऱ्या काळजीनं विचारतात, की सर, शाळेचा पत्रा गळायलाय, दोन मास्तरवर चार वर्ग चाललेत, बाप कर्जात आहे, अन् तुम्ही तांब्या-घागरीची चित्रं काय घेऊन बसलात. हा प्रश्न मी डावलणार नाही. ह्याच भागात मी वाढलोय, माझ्या वर्गातल्या दोघांच्या वडिलांनी काय केलं ते मला माहीत आहे. पण ज्याच्याकडं थोडं आहे त्यानं त्या थोड्याकडं नीट बघू नये हे कुठून आलं? फळांच्या राशी आणि चांदीची ताटं ज्यांच्या घरी त्यांनीच स्थिरचित्र काढावं असं नाही.

फ्रान्समधे शार्दँ नावाचा चित्रकार होऊन गेला, १६९९ चा जन्म, १७७९ ला गेला. त्याच्या देशात तेव्हा चित्रांची उतरंड ठरलेली होती, १६६७ मधे फेलिबियाँ नावाच्या विद्वानानं ती लिहूनच ठेवली होती, सगळ्यात वर देवादिकांची आणि इतिहासाची चित्रं, आणि सगळ्यात खाली निर्जीव वस्तूंची. फ्रेंचमधे ह्या प्रकाराला जे नाव आहे त्याचा अर्थच मेलेला निसर्ग असा होतो. शार्दँ १७२८ मधे त्यांच्या अकादमीत घेतला गेला तो जनावरं आणि फळं काढणारा म्हणून, म्हणजे खालच्या पायरीवरच. आणि हा माणूस आयुष्यभर काय काढत बसला तर स्वयंपाकघरातली पातेली, कांदे, अंडी, पाण्याचा ग्लास. त्याचं १७३४ च्या आसपासचं एक छोटं चित्र पॅरिसच्या लूव्र म्युझियममधे आहे आणि ते मी माझ्या मोबाईलवर आजपर्यंत किती वेळा मोठं करून बघितलं असेल सांगता येत नाही. त्यात तांबे धातूची एक पाण्याची टाकी आहे, तीन लाकडी पायांवर उभी केलेली, खाली तोटी, पुढं लाकडी बादली, शेजारी एक काळसर भांडं. बस एवढंच. का माहितीय ती टाकी? कारण तेव्हा पॅरिसच्या बहुतेक घरांत नळ नव्हते, पाणक्ये खांद्यावरून पाणी आणून विकायचे आणि घरोघरी ते असं साठवून पुरवून वापरायचे. म्हणजे आमच्या दारातला दोनशे लिटरचा निळा ड्रम, दुसरं काय. पाणी विकत घेणाऱ्या गावातल्या एका माणसाला ती टाकी जगातल्या मोठ्या म्युझियममधे जाईल इतकी नीट दिसली. तिच्यात ना कीव आहे ना शोभा, टाकी आपली उभी आहे, जड, लालसर, पोटावर उजेड घेऊन. आमच्या निळ्या ड्रमकडं असं बघणारं पोरगं लातूर-धाराशिवात जन्मलेलंच नसेल असं मी मानत नाही. त्याला बसवून कुणी दाखवलं नाही एवढंच.

दुसरा इटलीतला मोरांडी, १८९० ते १९६४. बोलोन्या शहरात बहिणींसोबत एका साध्या घरात राहिला आणि जन्मभर तेच ते डबे, बाटल्या, वाट्या टेबलावर मांडून काढत राहिला, दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं सरकवून. त्यानं त्या बाटल्यांवरची धूळ पुसू दिली नाही म्हणतात कारण धुळीमुळं चकाकी मरते आणि रंग शांत होतो. पण मला त्याच्याबद्दलची सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. १९१४ ते १९२९ हा माणूस बोलोन्याच्या प्राथमिक शाळांत चित्रकला शिकवत होता. पंधरा वर्षं, प्राथमिक शाळेत! विसाव्या शतकातला एवढा मोठा चित्रकार त्या गावाच्या लहान पोरांच्या वाट्याला आला कारण त्या शाळेत चित्राच्या मास्तरची जागा होती. जागा असली तर कुणीतरी येतं, जागाच नसली तर कोण येणार?

आणि ह्यासाठी आपल्याला फ्रान्स-इटलीकडं तोंड करून उभं राहायची पण गरज नाही. आपल्या भाषेनं रोजच्या वस्तूला खालची पायरी कधी दिलीच नव्हती. गोरा कुंभार तेरचे, आमच्या धाराशिव जिल्ह्यातले, आणि त्यांची गोष्ट घरोघरी माहीत आहे, थापटणं घेऊन संतांची डोकी ठोकून बघितली आणि मडकं कच्चं का पक्कं ते सांगितलं. माणसाची पारख सांगायला मडकं पुरलं. जनाबाई गंगाखेडची, परभणी जिल्हा, तिनं देवाला जात्यापाशी आणून बसवलं, दळण-कांडणात बसवलं. वस्तूकडं इतक्या जवळून बघणारी माणसं आमच्या मातीत झाली, सातशे वर्षांपूर्वी, आणि त्यांनी ते शब्दात केलं. हाताला कागद-पेन्सिल द्यायचं तेवढं आपण राहिलो.

तेरलाच लामतुरे म्युझियम आहे. तेर म्हणजे जुनं तगर, पैठणच्या जोडीनं रोमन व्यापाराच्या काळात नावाजलेलं गाव, तिथं सापडलेली खापरं, मडकी, मातीच्या बाहुल्या तिथं काचेत ठेवल्यात. मी क्लासची पोरं घेऊन गेलो होतो. एक पोरगा एका मातीच्या भांड्यापुढं थांबला आणि म्हणाला, हे तर आमच्या आज्जीकडच्या गाडग्यासारखंच आहे. गळा तसाच, पोट तसंच, काठ तसाच बाहेर वळलेला. दोन हजार वर्षांचं भांडं काचेत, आणि तोच आकार घरी मागच्या दारी पालथा पडलेला. त्या दिवशी कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. वेरूळ-अजिंठ्याला तर सगळ्याच शाळांच्या सहली जातात, पण लेण्यात पोरांना रांगेनं नेतात आणि रांगेनं बाहेर काढतात. अजिंठ्याच्या सतरा नंबरच्या लेण्यात आरशात बघणारी राजकन्या आहे, शेजारी तबक घेतलेली दासी आहे, त्या तबकापाशी एक मिनिट पोराला थांबवलं तर त्याला कळेल की ज्यानं एवढं मोठं काम केलं त्यानं तबकाला पण वेळ दिला होता.

वस्तू म्हणजे काय असते ते मला ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर कळलं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, आमचं गाव किल्लारीपासून जरा लांब म्हणून आम्ही वाचलो, पण माझ्या एका मावशीचं गाव त्यातच होतं. दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवदाची माती, पहाटे चारच्या सुमाराला सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. मावशी वाचली. काही दिवसांनी लोक ढिगारे उपसायला लागले तेव्हा तिला एक पितळी परात सापडली, एका बाजूनं चेपलेली, आणि काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं तिचं नाव, तिच्या लग्नाची तारीख आणि खाली मामाकडून सप्रेम भेट. आपल्याकडं आहेराच्या भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे ना, ते. घरात दुसरा काही कागद उरला नव्हता. ती परात मावशीनं ठोकून सरळ करू दिली नाही, पत्र्याच्या शेडमधे पण तीच, पुनर्वसनाच्या घरात पण तीच, अजून भाकरीचं पीठ त्याच परातीत मळती. मी ती परात बऱ्याच वेळा काढलीय. पितळ चेपलं की उजेड तिथं मोडतो, सरळ ठिकाणी पसरतो आणि चेपल्या ठिकाणी एकदम बारीक होऊन चमकतो, ते मला अजून म्हणावं तसं जमलेलं नाही. आणि ते ठिपके ब्रशनं काढता येत नाहीत, ते कागद कोरा सोडूनच काढावे लागतात. मावशी दरवेळी चित्र बघून एवढंच विचारते, "नाव नीट आलंय का रे?"

म्हणून मला वाटतं की हे काम सरकारनं अंगावर घेतलं पाहिजे आणि पालकांनी मागितलं पाहिजे. शंभर पटाची अट काढा, एका शाळेला नाही परवडत तर एकाच केंद्रातल्या, म्हणजे शेजारशेजारच्या, पाच-सहा शाळांना मिळून एक कलाशिक्षक द्या, तो आठवड्यातून एक दिवस एका शाळेत जाईल, पण कायम द्या, तासाच्या हिशोबावर हातावर टेकवू नका. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा, करून घरी बसलेली किती पोरं-पोरी ह्या भागात आहेत, कुणी मोबाईलच्या दुकानात आहे, कुणी फ्लेक्स डिझाइन करायलंय, त्यांना हे काम येतं. साहित्य काय लागतं? कागद, पेन्सिल, खोडरबर, आणि वस्तू घरचीच. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कला आणि विज्ञान ह्यांच्यात भिंत नको असं लिहिलेलं आहे, चांगलं लिहिलंय, आता वेळापत्रकातली भिंत काढा, ड्रॉईंगचा तास गणिताला जाऊ देऊ नका. परीक्षा घेणाऱ्यांना पण विनंती आहे की स्थिरचित्रात उजेडाची दिशा बघून पेपर तपासा, म्हणजे पाठ केलेला तांब्या आणि बघितलेला तांब्या वेगळा कळेल आणि क्लासवाल्यांना, मला धरून, शिकवायची पद्धत बदलावी लागेल. मांडणीत गावातली वस्तू ठेवा, काटवट ठेवा, सूप ठेवा, डालडाचा जुना डबा ठेवा, प्लास्टिकची घागर ठेवा. प्लास्टिक दिसायला बरं नाही असं काही जणांचं मत आहे, ते मला मान्य नाही, पोराच्या घरात जे आहे ते चित्रात आलं पाहिजे.

पालकांना एक सांगायचंय. पोरगं घरातलं भांडं घेऊन काढत बसलं तर अभ्यास सोडून काय करायलास असं म्हणू नका. थोडा वेळ शेजारी बसा आणि बघा ते कुठं बघतंय.

त्या पोरीची घागर त्या रविवारी पूर्ण झाली नाही. पाच वाजता तिची माय दारात येऊन उभी राहिली, टँकर यायची वेळ झाली होती आणि घागर पाहिजे होती. पोरीनं काही न बोलता पाणी-रंग आवरले आणि घागर काखेला मारून गेली, टेबलावरच्या कापडावर बुडाचा गोल तेवढा राहिला. मी म्हणालो पुढच्या रविवारी परत आण, तर म्हणाली बघते सर, मोकळी असली तर. पुढच्या रविवारी ती घागर न आणता चित्रच पुरं करून घेऊन आली, घरी काढलेलं, दुसऱ्या कागदावर, नव्यानं. ह्या चित्रात खालचा भाग गडद होता आणि वरचा फिका, मधे पोटावरून एक पुसट आडवी वळलेली रेघ. मी विचारलं ही रेघ कशाची, मागच्या वेळी नव्हती.

"तवा रिकामी होती सर. आता भरलीय, पर पुरी नाही. पाणी कुठवर हाय ते बाहिरून दिसतंय."